आठातले चार बंद

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका, मला त्याने फरक पडत नाही. तुम्हाला घाबरवायला मी हे लिहीत नाहीये. घाबरायचं काम आमच्या घरात गेले पाच महिने चालूच आहे.

एकच गोष्ट लपवलीय. पाड्याचं नाव. तिथल्या माणसांना तिथेच राहायचंय, त्यांना कशाला त्रास?

बाकी सगळं घडलं तसंच.

गेल्या एप्रिलमधला गुरुवार. नाशिककडच्या हरसूलपासून सहा-सात किलोमीटर आत असलेला एक पाडा. वेळ दुपारी पावणेचार.

हो, दुपारी. अमावस्या नव्हती. पिंपळ नव्हता. रणरणतं ऊन होतं आणि मांडवात दीडशे माणसं हळदीत नाचत होती. असल्या गोष्टी रात्रीच घडतात असं ज्यांनी ठरवलं, त्यांच्यावर बहुतेक कधी वेळ आली नसावी.

ज्यांच्यासोबत हे घडलं, ते माझे दाजी. हिरामण दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे, मोहिनीताईचे मिस्टर. गिरणाऱ्याला राहतात. अठरा वर्षांपासून साउंडचा धंदा. आठ बेस, बारीक आवाजासाठी चार टॉप, अँप्लिफायर, मिक्सर, जनरेटर आणि हे सगळं वाहायला एक पिकअप. बेस म्हणजे त्या कपाटाएवढ्या पेट्या. त्यांचा दणका कानाच्या आधी छातीत बसतो.

दाजी दहावीला गणितात नापास. पण आवाजाचा हिशेब त्यांच्या बोटांवर.

एकदा चहा पिताना त्यांनी मला विचारलं, "पाव्हणं, चार पेट्या वाजत्यात. मी आठ लावल्या. आवाज किती वाढला?"

"दुप्पट," मी म्हणालो. मी ओझरला कारखान्यात नोकरीला आहे. स्वतःला जरा शहाणा समजतो.

दाजी हसले.

"तीन डेसिबल. पेट्या एकमेकीला चिकटून रचल्या तर फार तर सहा. पेट्या दुप्पट, वॅट दुप्पट, डिझेल दुप्पट, आन् कानाला फरक कळतो जेमतेम. माणसाला आवाज दुप्पट वाटायला पाहिजे असंल ना, तर ताकद दहापट लागती. दहापट."

"आणि निम्मा करायचा असेल तर?"

"तेच उलटं. धा भागातले नऊ काढायचे, एक ठेवायचा. तवा कुठं कान म्हणतो, हां, निम्मा झाला." मग डोळे बारीक करून म्हणाले, "पण हे कुणाला म्हाईत असतं? लोक डोळ्यांनी ऐकत्यात."

मग त्यांनी मला त्यांची युक्ती सांगितली.

लग्नात, हळदीत कोणी ना कोणी येतंच. परीक्षेचा पोरगा असतो, बाळंतीण असते, एखादा म्हातारा असतो. आवाज कमी करा म्हणतात. दाजी कधीच हुज्जत घालत नाहीत. त्या माणसाला हाताला धरून पेट्यांपाशी नेतात आणि त्याच्या डोळ्यांदेखत चार पेट्यांच्या वायरी उपसतात.

"घ्या. आठातले चार बंद."

वायरी लोंबकळताना दिसतात. माणूस खूश होऊन जातो. त्याची पाठ फिरली की दाजी मिक्सरवरची आवाजाची दांडी बोटभर वर सरकवतात. अँप्लिफायर ते कधीच पूर्ण रेटत नाहीत, त्यात जागा शिल्लक असते. राहिलेल्या चार पेट्या आठांचं काम करतात. नाचणारेही खूश.

"मीटर लावून बघितलंय मी," दाजी म्हणाले. "एका डेसिबलचा फरक पडत नाय."

तेव्हा मीही हसलो होतो. पोट धरून हसलो होतो. आता ते आठवलं की स्वतःचीच लाज वाटते.

दाजींना एकच मुलगी. पिंकी. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर झालेली, त्यामुळे तळहाताच्या फोडासारखी जपलेली. आठ वर्षांची आहे. घरातला आवाज तिचाच. दिवसभर गाणी, बडबड, प्रश्न. दाजी कितीही दमून आले तरी तिची बडबड ऐकल्याशिवाय जेवत नसत.

तर तो गुरुवार.

मांडवाच्या मागे, तीसेक पावलांवर मंगळूबाबांचं घर होतं. कुडाच्या भिंती, वर कौलं. मंगळूबाबा साठीचे. अडीचच्या सुमाराला ते दाजींकडे आले. हात जोडलेले.

"दादा, आवाज तेवढा निम्मा करा. बायको आजारी हाय. दवाखान्यातनं परवा घरी आणली. हृदयाचं हाय तिचं. हे छातीत बसतंय तिच्या."

"करतो की बाबा, त्यात काय," दाजी म्हणाले.

आणि त्यांनी नेहमीसारखं केलं. हाताला धरून नेलं, चार वायरी उपसल्या.

"बघा, आठातले चार बंद. झाला ना निम्मा?"

मंगळूबाबांनी बंद पेट्या नीट मोजल्या. समाधानाने मान हलवली आणि घरी गेले.

दाजींनी दांडी वर सरकवली.

अर्ध्या तासाने बाबा परत आले. या वेळी जरा घाईत.

"दादा, अजून थोडा कमी होईल का? ती म्हणती कमी झालाच नाय. मी सांगितलं तिला, मी स्वतः बघून आलोय, निम्मा केलाय. तरी ती नायच म्हणती."

दाजींनी अजून दोन वायरी काढल्या. आठातल्या दोनच राहिल्या. बाबांचे डोळे भरून आले. "लय उपकार झाले," म्हणाले.

ते मांडवाबाहेर गेले आणि दाजींचा हात पुन्हा दांडीवर गेला. नवरदेवाचे मित्र ओरडत होते, "आवाज कुठं गेला?" सवयीने गेला हात. दाजी आजही तेवढंच सांगतात, सवयीने गेला.

पावणेचारला मंगळूबाबांच्या घरातून कुणा शेजारणीचं रडणं आलं.

डोंगराकडच्या पाड्यांत एक नियम आहे. मयत झालं की वाजंत्री बंद. हळद असो, लग्न असो. प्रेत उठेपर्यंत कोणी काही वाजवत नाही. कोणाला सांगावं लागलं नाही. नाचणारी पोरं जागच्या जागी थांबली. दाजींनी मेन बटण दाबलं.

आणि एकदम... काहीच नाही.

दाजी सांगतात, अठरा वर्षांत एवढी शांतता त्यांनी ऐकली नव्हती.

ते बाबांच्या दारात गेले. जायला नको होतं, पण पाय गेले. आत बाबांची बायको, भागीबाई, घोंगडीवर होत्या. छातीवर दोन्ही हात. मंगळूबाबा उशाला बसले होते. त्यांनी वर बघितलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, हेच वाईट होतं.

"तुम्ही तर केला होता हो निम्मा," ते म्हणाले. "पण ती शेवटपर्यंत म्हणत होती, नाय केला."

दाजी मागे फिरले. सामान भरलं आणि निघाले.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. कुठल्या कामाची सुपारी नव्हती. दाजी घरीच जेवून पडले होते. ताई भांडी घासत होती.

तिला वाटलं, मांडणीवरचे पेले हलतायत.

तिने हात थांबवला. पाण्याने भरलेल्या घमेल्यात बारीक कड्या उठत होत्या. मधोमध उठायच्या, काठाला जाऊन विरायच्या. मग पुन्हा.

धप्प...

धप्प...

"अहो," ताईने आवाज दिला. "बेस चालू राहिला का काय?"

घराच्या मागे पत्र्याची शेड आहे. आठही पेट्या तिथे असतात. दाजी उठले. शेडच्या पत्र्याखाली चिमण्यांची पाच-सहा घरटी होती. दिवसभर कलकलाट असायचा. त्या दिवशी एकही चिमणी नव्हती.

दाजींनी दार उघडलं.

मेन बटण बंद. वायरी गुंडाळून खुंटीला टांगलेल्या. अँप्लिफायर तर अजून पिकअपमध्येच.

आणि पेट्या वाजत होत्या.

गाणं नव्हतं. ताल नव्हता. नुसता खोल, जड ठोका. मग थांबायचा... आता येत नाही असं वाटायचं... मग यायचा. कधी दोन लागोपाठ. कधी एकच, उशिरा.

दाजींनी एका पेटीच्या जाळीवर हात ठेवला. आतला पडदा पुढे येत होता, मागे जात होता. बाहेर भिंतीवरच्या घड्याळात पावणेचार.

दाजींची पाचावर धारण बसली. पण धंद्यातला माणूस घाबरला की आपलं हत्यार शोधतो. त्यांनी डेसिबल मीटर आणला. हातात मावणारं छोटं यंत्र असतं, समोर आकडे येतात.

९१.

हळदीच्या मांडवात, मिक्सरपाशी, त्या दिवशी तेवढाच होता.

दाजींच्या मनात पहिला विचार आला तो पेट्यांचा. पेट्या काढल्या तर आवाज उतरेल. शेडमध्ये त्या लांबलांब पसरून ठेवल्या होत्या, म्हणजे हिशेब सोपा. त्यांनी ढकलत ढकलत चार पेट्या अंगणात आणल्या. अंगणात आल्या की त्या गप्प व्हायच्या. आतल्या वाजतच होत्या.

मीटर बघितला. ८८.

तीनने उतरला होता. अगदी नियमाप्रमाणे.

तेव्हा पिंकी अंगणात येऊन उभी राहिली.

"आत जा," दाजी म्हणाले. "कमी होतोय बघ आवाज. तीन डेसिबल उतरला."

पिंकी शेडच्या आत बघत होती. कोपऱ्यातल्या पेटीकडे.

"बाई म्हणते, नाय केला," ती म्हणाली.

दाजींनी ते बोलणं घरात कुणाला सांगितलं नव्हतं. ताईलाही नाही.

"कोणती बाई?"

"ती काय... पेटीला टेकून बसलीय. छाती धरून."

कोपऱ्यात पेटी होती. दुसरं काही नव्हतं.

दाजींनी ताईला हाक मारली, पिंकीला घरात घेऊन जायला सांगितलं. मग वेड लागल्यासारख्या पेट्या ओढायला लागले. दोन ठेवल्या. ८५. एक ठेवली. ८२.

नऊने उतरला होता. आठातली एक पेटी. दहातला एक भाग म्हणतात ना, जवळपास तेवढंच.

आता कानालाही कळत होतं. ठोका लांब गेला होता, सौम्य झाला होता. पडवीतून पिंकीचा आवाज आला.

"पप्पा, बाई म्हणते आता निम्मा झाला. असाच राहू द्या म्हणते."

मी दाजींना कितीदा विचारलंय, तिथेच का नाही थांबलात? भागीबाईंनी जेवढं मागितलं होतं तेवढं झालं होतं. दाजी म्हणतात, थांबणार होतो. पण एकच पेटी राहिली होती, पाव्हणं. मला वाटलं, हीपण काढली की सगळं गप्प होईल.

माणसाला निम्म्यात समाधान कुठे असतं?

त्यांनी शेवटची पेटी दाराबाहेर ओढली.

शेड रिकामी. चार भिंती, पत्रे, जमीन. त्यात काहीच नाही.

धप्प.

पत्रे थडथडले. दाजींनी मीटरकडे बघितलं.

९१.

त्यांनी ती पेटी परत आत ढकलली. होती त्याच जागी. जमिनीवरच्या खुणा बघून, इंचभर इकडेतिकडे न होऊ देता. आकडा हलला नाही. मग आणखी दोन-तीन आत नेल्या, पुन्हा बाहेर काढल्या. उपयोग नाही. चारला आपोआप थांबलं.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला पुन्हा सुरू.

रोज, पंधरा मिनिटं. भगत आणून झाला. त्याने शेडच्या चारही कोपऱ्यांत काहीबाही पुरलं, कोंबडं घेतलं आणि गेला. जाताना त्याने एकदाही मागे वळून बघितलं नाही, म्हणून ताईला जास्त भीती वाटली. दाजींनी सुपाऱ्या बंद केल्या. पेट्यांमधले स्पीकर काढले, लाकूड फोडलं, चुलीत घातलं. इतक्या वर्षांच्या धंद्याचं सरपण झालं. रिकामी शेड वाजतच राहिली.

तरी तोवर ठीक होतं, असं आता म्हणावं लागतं. कारण तोवर ते शेडमध्ये होतं.

दहाव्या दिवशी पिंकी शाळेतून आली. ताईने जेवायला हाक मारली. आली नाही. दुसऱ्यांदा मारली. पिंकी समोरच बसून होती.

"ऐकू येत नाय का गं?"

पिंकीने वर बघितलं. "मोठ्यानं बोल ना मम्मी. बाई माझ्याजवळ बसलीय. तिच्या छातीतलं लय मोठ्यानं येतंय."

दुपारचा एक वाजला होता. घरात काहीच वाजत नव्हतं. ताईला काही ऐकू येत नव्हतं. दाजींनाही नाही.

दाजींनी मीटर आणला. दारात धरला. ४२, आपल्या घरात असतो तेवढा. मग तो हळूहळू पिंकीजवळ नेला.

५५... ७०... ८४...

तिच्या कानाशी ९१.

त्या दिवशी दाजींनी ठरवलं. मंगळूबाबांकडे जायचं. खरं काय ते सांगायचं. पाय धरायचे. माफी मिळाली की ती बाई आपल्या पोरीला सोडील, असं त्यांना मनापासून वाटलं. मलाही वाटलं. मीच त्यांना गाडीवर घेऊन गेलो.

मंगळूबाबा शेतात राबाची तयारी करत होते. आमच्या डोंगरात भाताचं रोप टाकण्याआधी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. एकटेच होते. मागच्या वर्षीपर्यंत दोघं मिळून करायचे असणार.

आम्हाला बघून त्यांना बरं वाटलं. सावलीत बसवलं, पाणी दिलं.

दाजींनी सगळं सांगितलं. वायरी, दांडी, सगळं. एकदाही थांबले नाहीत. शेवटी वाकून पाय धरले. शेडचं नाही सांगितलं. पिंकीचं सांगितलं.

बाबांनी हातातला पाला खाली ठेवला.

"म्हणजे ती खरं सांगत होती," ते म्हणाले.

दाजींनी पाय सोडले नाहीत.

"मी तिच्यावर चिडलो होतो दादा. शेवटी शेवटी. म्हणलं, त्या माणसानं बिचाऱ्यानं निम्मा केला, आता अजून काय करायचं त्यानं? गप पड, म्हणलं तिला." बाबांचा आवाज चढला नाही. "नंतर मी मनाला समजावलं. आवाज निम्मा झाला तरी ती गेली, म्हणजे तिची वेळच आली होती. त्याच्यावर झोपत होतो मी. तेवढंच होतं माझ्याकडं."

दाजी रडत होते.

"हे तुम्ही माझ्यासाठी सांगायला आलात, का तुमच्यासाठी?"

मीही खाली बघितलं.

बाबा उठले. पाल्याचा भारा उचलून शेताच्या पार टोकाला गेले आणि आमच्याकडे पाठ करून पसरायला लागले. आम्ही अर्धा तास थांबलो. ते वळले नाहीत. त्यांनी शाप दिला नाही, शिवी दिली नाही, माफही केलं नाही.

घरी पोचलो तर ताई दारातच उभी.

शेड त्या दिवशी वाजली नव्हती. पावणेचार होऊन गेले, चार वाजून गेले, पत्रे गप्प होते. ताईला आधी आनंद झाला होता.

मग पिंकी कान दाबून खाली बसली होती.

दाजींनी मीटर धरला. ९४.

तीनने वाढला होता. तीन म्हणजे किती, हे या घरात कुणाला सांगायला नको होतं. ताकद दुप्पट.

शेड पुन्हा कधीच वाजली नाही. चिमण्यासुद्धा परत आल्या. आता जे काय आहे ते पिंकीपाशी आहे, आणि ते पंधरा मिनिटांत थांबत नाही. सकाळी आहे, शाळेत आहे, झोपेत आहे.

नाशिकच्या एका कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि कागदावर आलेख काढून दिला. आमच्या कामावर दरवर्षी कान तपासतात, त्यामुळे मला तो आलेख वाचता येतो. रेघ एका ठिकाणी खोल खड्ड्यात उतरली होती. डॉक्टर दाजींना म्हणाले, "मोठ्या आवाजाच्या यंत्रांजवळ वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या माणसाचे कान असे असतात. घराजवळ काही कारखाना आहे का?"

दाजी म्हणाले, "नाय. घर एकदम शांत हाय."

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. पुढे यंत्र लावू म्हणाले. पण यंत्राने बाहेरचा आवाज मोठा होईल. आतला कोण कमी करणार?

जुलैमध्ये ९७. मग १००. मधे काही दिवस आकडा तिथेच थांबला होता, तेव्हा ताईने नवस बोलून टाकला. नंतर १०३. शाळा सुटली, कारण वर्गातल्या बाईंचं शिकवणं तिला ऐकू येत नव्हतं. दाजी दोनदा मंगळूबाबांकडे जाऊन आले. दोन्ही वेळा घराला कडी होती. शेजारी म्हणाले, बाबा कामाला बाहेर गेलेत. कुठे ते माहीत नाही.

आता दाजी एका नर्सरीत रोजाने जातात. संध्याकाळी आले की पिंकीसमोर बसतात आणि मोठमोठ्याने बोलतात. सगळं घरच ओरडून बोलतं. तरी तिला अर्धं कळतं, अर्धं ती आमचे ओठ बघून ओळखते.

गेल्या रविवारी मी गेलो होतो. तिच्यासाठी रंगाची पेटी नेली होती. मीटर तिथेच फळीवर होता. मी विचारलं नाही, दाजींनीच बोटांनी एकेक अंक दाखवून आकडा सांगितला.

एकशे नऊ.

त्या मीटरवर एकशे तीसपर्यंतच दिसतं. मी मनातल्या मनात उरलेल्या एकवीसला तीनने भागलं आणि लगेच सोडून दिलं.

पिंकी आधी ओरडून बोलायची, आता तेही सोडलंय. तिने रंगाची पेटी उघडली, थोडं चितारलं आणि माझ्याकडे बघितलं.

"मामा, तुम्ही सगळे इतकं हळू का बोलता?"

दाजी उठून बाहेर गेले.

मी तिला मांडीवर घेतलं. माझा हात तिच्या पाठीवर होता. आणि खरं सांगतो, तोवर मला कधीच काही जाणवलं नव्हतं. मी फक्त मीटरचे आकडे बघितले होते, बाकी सगळं ऐकून होतो. मनातून मला थोडी शंकाही होती.

माझ्या तळहाताखाली ठोके लागले.

वरचे भरभर पडणारे. लहान मुलांचे पडतात तसे.

आणि त्यांच्या खालून... दुसरा. सावकाश. जड. एक पडायचा, मग थांबायचा. इतका थांबायचा, की वाटावं संपलं.

मी श्वास धरून बसलो होतो. तो पुढचा ठोका पडू नये म्हणून, की पडावा म्हणून? कारण त्या बाईचा ठोका थांबलेला असायचा ना, तेवढा वेळ पिंकीचेही ठोके मला लागत नव्हते.